म्हसळ्याचा कर्णधार

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

हरलो. खेडने सात विकेट राखून धुतलं. आता तळाला दोघंच – आम्ही म्हसळ्याचे आणि मंडणगड. आम्ही दोन गुणांनी वर, आणि शेवटची मॅच त्यांच्याशीच.

पूर्वी शेवटचा संघ खालच्या गटात जायचा, एखादा हंगाम घाम गाळून परत वर यायचा. पण खालच्या गटात दोनच संघ उरले, म्हणून कमिटीने तो यंदा बंदच केला. शेवटचा येईल तो लीगबाहेर. इथे सौदीत, दम्माममध्ये, म्हसळ्याचं नाव लावून खेळणारं कुणी राहणार नाही.

झयान गाडीत स्कोअरबुकच चाळत बसला होता. कर्णधार आहे. माझा मुलगा म्हणून नाही – त्याच्यासारखी बॅट आमच्यात दुसऱ्या कुणाकडे नाही म्हणून.

२६ जानेवारी, रविवार

आज इब्राहिम मास्तरांची फार आठवण आली. लीग त्यांचीच. बंदरात कारकून होते, रेडिओला कान लावून इंग्लंडच्या काउंटी मॅचेस ऐकायचे. तिथलं सगळं इथे आणलं. काउंटी म्हणजे तिकडचे जिल्हे, त्यांच्या जागी आमचे कोकणातले तालुके. वरचा गट, खालचा गट. जिंकल्याचे गुण वेगळे, अनिर्णित राहिल्याचे वेगळे, शिवाय धावांचे आणि विकेटचे जादा. हंगामाची शेवटची मॅच दोन-दोन डावांची – अर्धी एका शुक्रवारी, अर्धी पुढच्या. लोक हसायचे. मास्तर म्हणायचे, "मॅच वाचवता येणं हीपण कला आहे रे."

आणि जन्माचा नियम. ज्या तालुक्यात जन्म, त्याच तालुक्याकडून खेळायचं. इंग्लंडमध्ये जुन्या काळी जन्म नसला तर दोन वर्षांचं वास्तव्य चालायचं. मास्तरांनी वास्तव्य उडवलं. म्हणाले, इथे वास्तव्य काय मोजणार, सगळेच दम्मामचे! तिकडे म्हणे काही बाप पोटुशा बायकोला मुद्दाम आपल्या काउंटीत नेऊन ठेवायचे, पोरगा पुढे खेळायला पात्र व्हावा म्हणून. हे ऐकून आम्ही खूप हसलो होतो.

नोंदणीची वही अकरा वर्षं माझ्याकडे आहे. नियमाला पक्का म्हणून माझं नाव आहे.

२९ जानेवारी, बुधवार

वहीचं काम संपवायला बसलो होतो.

गेल्या वर्षी मंडणगडच्या अफनानवर कुणीतरी हरकत घेतली होती. मी पासपोर्ट मागवला. जन्म खेडच्या दवाखान्यात. मी त्याचं नाव काढलं, तो ज्या ज्या मॅचला होता त्या त्या मॅचचे गुण काढले. नंतर ठरावही मीच आणला – शेवटच्या मॅचआधी प्रत्येकाच्या पासपोर्टची झेरॉक्स नोंदणीला जोडायची. सगळ्यांच्या जोडून झाल्या. घरचं काम म्हणून झयानची शेवटी ठेवली होती.

आज जोडायला काढली. जन्मस्थळ – मंडणगड.

त्याचा पासपोर्ट शंभर वेळा हातात घेतला असेल. राहायच्या परवान्याचा इकामा, विझा, तिकीट – नाव बघायचं, नंबर बघायचा, मुदत बघायची. जन्मस्थळ कोण वाचतो? पहिला पासपोर्ट भावाने मुंबईत काढून पाठवला होता. सहा वर्षांपूर्वी लीगचा फॉर्म मी भरला. जन्म कुठला? म्हसळा. न विचारता लिहिलं.

३० जानेवारी, गुरुवार

इस्मतला विचारलं. मंडणगड तिचं माहेर. पण मोठी मुलगी तिथे झाली होती, दुसरं बाळंतपण म्हसळ्याला आमच्या घरीच ठरलं होतं.

ती कांदा चिरत होती. वर न बघता म्हणाली, "सातव्यात मी भावाच्या लग्नाला गेले होते. तुमच्या अम्मांनी नको म्हटलं होतं, तरी गेले. तिथेच दिवस भरायच्या आधी झाला. चाळीस दिवसांनी त्याला घेऊन म्हसळ्याला आले. अम्मा म्हणाल्या, कादिरला नका कळवू, तिकडे एकटा आहे, जीवाला लावून घेईल."

मी म्हटलं, चोवीस वर्षांत सांगितलं नाहीस?

"तुम्ही कधी विचारलंत?"

तेव्हा शेजारच्या दुकानात फोन आला होता. मुलगा झाला, दोघं खुशाल, एवढंच. मी मिठाई वाटली. चौदा महिन्यांनी सुट्टी मिळाली, घरी गेलो तेव्हा तो धरून धरून चालत होता आणि मला बघून रडला. कुठे झाला, कसा झाला, रात्री झाला की दिवसा, मला काहीच माहीत नाही. मी विचारलंच नाही. स्वतःची लाज वाटते.

३१ जानेवारी, शुक्रवार

मॅच नव्हती. जुम्म्याच्या नमाजाहून येताना झयानला सहज विचारल्यासारखं विचारलं – समज, तुला दुसऱ्या संघातून खेळायला सांगितलं तर?

"व्हाय वुड आय?" म्हणाला. मग हिंदीत, "अब्बा, यहाँ मेरा क्या है? इकामा है, वो भी कंपनी का. इंडिया में सब बोलते हैं सौदीवाला. म्हसळा टीम है तो बोल सकता हूँ, मैं वहाँ का हूँ."

कळायला लागल्यापासून तो म्हसळ्यात सगळे मिळून तीन महिने राहिला नसेल. तरी बॅटवर नाव म्हसळ्याचं लिहिलंय.

सांगितलं तर यंदाचे आमचे सगळे गुण जातील. शेवटची मॅच व्हायच्या आधीच संघ बाद. आणि त्याच्यावर दोन वर्षं बंदी, अफनानसारखी.

३ फेब्रुवारी, सोमवार

लिहितोय, कारण दुसरीकडे कुठे कबूल करता येत नाही. वहीत झयानच्या नावापुढे "कागद पाहिला" लिहून सही केली. झेरॉक्स जोडली नाही. नोंदणी मी तपासतो, मला कोण तपासणार?

५ फेब्रुवारी, बुधवार

यूनुसचा फोन. मंडणगडचा सेक्रेटरी, इस्मतचा चुलतभाऊ, अफनानचा मामा. विचारत होता, चेंडू कुणी आणायचे. मी उगाच घाईत आहे म्हणून फोन ठेवला.

गेल्या वर्षी मी अफनानचं नाव काढलं तेव्हा त्याने वाद घातला नाही. "नियम आहे, कादिरभाई. लिही," एवढंच म्हणाला. अफनान तेव्हापासून मैदानावर फिरकलेला नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला अर्धा. सहा वाजता सुरू, जुम्म्यासाठी साडेदहाला बंद. आम्ही ८८ सर्वबाद. झयान ९. मंडणगड १५१. दुसऱ्या डावात आमचे दोन गेले.

मंडणगडला जिंकावंच लागेल. जादा गुण धरूनही, अनिर्णित राहिली तरी आम्ही वाचतो.

मनात वाईट विचार आला – हरलो तर बरं. हरलो तर संघही जाईल आणि माझं पापही झाकलं जाईल. मग झयानचा चेहरा पाहिला. या अल्लाह, मी काय मागतोय.

१० फेब्रुवारी, सोमवार

जेवण जात नाही. इस्मत म्हणाली, बीपीची गोळी घेतलीत का? घेतली म्हटलं. घेतली नव्हती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वाचलो.

झयान साडेतीन तास उभा राहिला. एकोणतीस धावा, नाबाद. सिमेंटवरच्या मॅटिंगला एक जागी सुरकुती पडली होती, तिथून चेंडू हातभर उसळत होता. दोन अंगठ्यावर लागले, एक बरगडीत. शेवटच्या षटकात आमचा अकरावा गडी त्याच्या जोडीला होता, धावा अजून मंडणगडच्या मागेच; एक विकेट गेली असती तर डावाने हार. त्याने सहाचे सहा चेंडू स्वतः खेळून काढले. इब्राहिम मास्तर असते तर रडले असते.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो त्यांच्या डोक्यांवरून मला शोधत होता. मी नळावर जाऊन तोंड धुतलं.

मंडणगडची पोरं स्टंप गोळा करत होती. त्यांच्यातला एक हायस्कूलपासून खेळतोय, आता त्याची पोरं हायस्कूलला आहेत. यूनुस माझ्याजवळ आला, हात मिळवला. "पोराने कमाल केली," म्हणाला. मला त्याच्याकडे वर बघवेना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कमिटीचं पत्र मसुद्याला माझ्याकडेच आलं. मंडणगडचं नाव पुढच्या हंगामापासून कमी करण्यात येत आहे. नोंदणी प्रमुख या नात्याने खाली सही माझी हवी.

पेन उघडून बसलो. नाही झाली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

झयानला सांगितलं. इस्मतही बसली होती. त्याने पासपोर्ट उघडून ती ओळ बराच वेळ पाहिली. त्यानेही कधी वाचली नव्हती.

"सो आयम नॉट इव्हन फ्रॉम देअर."

मी म्हटलं, चूक माझी आहे, तुझी नाही. मॅच सुरू व्हायच्या नऊ दिवस आधीपासून मला माहीत होतं.

त्याचा त्याला जास्त राग आला. "आपने मुझे खेलने दिया? अफनान को निकाला और मुझे खेलने दिया?" अफनान त्याच्या वर्गातला. उठून खोलीत गेला. अंगठ्याची पट्टी टेबलावर काढून ठेवली होती.

मला वाटलं होतं तो म्हणेल, गप्प बसा. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कमिटीला पत्र दिलं. झयानचा जन्म, माझी खोटी सही, माझा राजीनामा. अध्यक्षांनी दोनदा वाचलं. म्हसळ्याचे सगळे गुण रद्द. मंडणगड राहणार, आम्ही गेलो. झयानवर दोन वर्षं बंदी.

आमच्यातल्या शारीकने ग्रुपवर लिहिलं, संघ बुडवलात चाचा. मग एकेक जण ग्रुपमधून बाहेर पडला. झयान अजून आहे. बोलत नाही, पण आहे.

यूनुसकडे मात्र स्वतः जायला हवं. माफी मागितल्याशिवाय रमजान सुरू कसा करू?

२२ फेब्रुवारी, शनिवार

यूनुसच्या दुकानात गेलो. बोलायला सुरुवात केली तर म्हणाला, "मला माहीत आहे रे. लग्नाच्या मांडवातून इस्मतला जीपमध्ये घालून दवाखान्यात मीच नेली होती. बाप इथे नव्हता, म्हणून झयानच्या कानात अजान मीच दिली."

मी म्हटलं, मग गेल्या वर्षी मी अफनानचं नाव काढलं तेव्हा का बोलला नाहीस?

"अफनानचं खेळणं तर गेलंच होतं, कादिरभाई. बोललो असतो तर दोन्ही पोरांचं गेलं असतं."