धडधाकट गुडघ्यावरची पट्टी

रॅथवेल, लँकाशायर
गुरुवार, जानेवारी १९३२

प्रिय क्लेम,

वर्षभर एक ओळ टाकली नाही आणि सामना दोन दिवसांवर आला तेव्हा बरा भाऊ आठवला, असं म्हणशील. म्हण. आई बरी आहे. खोकला आहे, पण जीभ शाबूत आहे. आपली दोन्ही पोरं फुटबॉलच्या कपमध्ये समोरासमोर खेळणार म्हणून अख्ख्या गल्लीत मिरवतेय. मंगळवारी खाटकानं विचारलं, "काय हो काकू, जिंकावं कुणी?" तर म्हणाली, "दोघांनी धड पायांनी घरी यावं, कप गेला खड्ड्यात!" हे तिनं मला जेवताना हसत हसत सांगितलं. मी ताट सरकवून उठलो.

कारण त्याच दुपारी मी शेण खाऊन आलो होतो.

तुझ्या डाव्या गुडघ्यावर खाणीतला टेकू निसटून पडला, तो दिवस आठवतो? मी तुला पाठुंगळी घेऊन घरी आणलं होतं. तुला निवडायला येणाऱ्या क्लबच्या माणसाला कळलं असतं तर तुला कुणी दारातही उभं केलं नसतं. आईनं फ्लॅनेलचा जुना परकर फाडला आणि पट्टी बांधली ती उजव्या गुडघ्याला, धडधाकट गुडघ्याला! "मेल्यांना लाथ घालायचीच असेल तर इथे घालू देत," म्हणाली. त्या पट्टीवर तू इतके हंगाम काढलेस, पार लंडनला पोचलास. गोष्ट आपल्या तिघांतच राहिली.

मी आता तेहतिशीचा झालो रे. धावताना धाप लागते. माझ्या जागेवर डोळा ठेवून एक विशीतला पोरगा बसलाय, आणि आमचा मॅनेजर प्रिंगल त्याच्यावर खूश. शनिवारी बाहेर बसलो तर एप्रिलमध्ये हंगाम संपला की मला नारळ मिळणार, आणि परत जावं तर खाणीला कुलूप. मंगळवारी सरावानंतर प्रिंगल सगळ्यांसमोर म्हणाला, "काय सेथ, भावाची एखादी खोड ठाऊक आहे, की नुसता नावाचाच भाऊ?" सगळे फिदीफिदी हसले. आणि मी बोलून गेलो. "त्याच्या पट्टीवर जाऊ नका. पट्टी असते तो गुडघा ठणठणीत. दुसरा धरा." कुणी गळा धरला नव्हता माझा. नुसतं हसले होते. टँझली, आमचा हाफबॅक, माणूस कसला बैलच, त्यानं पाठीत थाप घातली. "वा रे थोरला भाऊ!" काल फळ्यावर यादी लागली. माझं नाव आहे. ते वाचून मला आधी आनंद झाला, क्लेम. हे लिहितानाही माझीच मला किळस येतेय.

आता नीट ऐक, एवढ्यासाठीच लिहायला बसलोय. डावा की उजवा, हे माझ्या तोंडून गेलेलं नाही. तुमची टीम दक्षिणेतली, आमच्यातल्या कुणीच तुला खेळताना पाहिलेलं नाही. शनिवारी पट्टी डाव्याला बांध. खऱ्या दुखऱ्याला. मग हे उजव्यावर तुटून पडतील, आणि तो सोसेल. तुला वाटेल, हाही सेथचाच डाव असणार, प्रिंगलनं समोर बसवून लिहून घेतलेला. तसं वाटलं तर तुझी चूक नाही. माझ्याकडे पुरावा नाही, आणि आईला विचार म्हणावं तर तिला सांगायची माझी छाती नाही. मैदानात उतरताना तुझ्या तोंडाकडे बघायचं मला होणार नाही. मी तुझ्या गुडघ्यांकडे बघेन. पट्टी कुठे आहे त्यावरून मला कळेल, तू अजून मला भाऊ मानतोस की नाही.

तुझाच, तू म्हणू देशील तर,
सेथ