न उघडता घेतलेल्या पेट्या

मी, खाली सही करणारा, धंद्याने संत्र्यांचा निर्यातदार, वय एकाहत्तर, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तितके नाही, पण कायद्याला डोके पुरते असे वकीलबाई म्हणाल्या. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून कागद पुढे सरकवलेला नाही. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते फार तोऱ्यात लिहिले होते.

१. राहते घर व बँकेतील सर्व ठेवी माझ्या पत्नीच्या. तिच्या हयातीत त्यावर कोणी हक्क सांगू नये. लग्न होऊन आल्यापासून तिने या घरात बिनडागी संत्रे पाहिलेले नाही. चांगला माल जहाजावर आणि डागी माल घरी, असा माझा शिरस्ता, वर "डाग काय चावतो का?" असेही मीच विचारायचो. यापुढे दर हंगामातली पहिली पेटी, उत्तम प्रतीची, घरी पोचती करावी. तिने ती शेजारीपाजारी वाटून टाकली तरी कोणी काही बोलू नये.

२. मेहुण्यास माझा जुना वजनकाटा द्यावा. तो गेली कित्येक वर्षे त्याच्याच दुकानात आहे, तेव्हा पोचवण्याचा खर्च येणार नाही.

३. संत्री तोडायच्या माझ्या दोन्ही कात्र्या शेडवरच्या मुकादमबाईंना. देठ जरा लांब राहिला तर तो शेजारच्या फळाला टोचतो आणि बंदर येईपर्यंत पेटी नासते. बाईंचा देठ कधी लांब राहिला नाही आणि जीभ कधी आखूड झाली नाही. शेडला दोन्हींचा उपयोग झाला.

४. बाग, पॅकिंगची शेड, कोल्ड स्टोरेज व प्रतवारीचे यंत्र माझ्या एकुलत्या एका मुलास. पेटीवर मारायचा माझा शिक्का मात्र यात धरू नये. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

समुद्रापलीकडे एक व्यापारीण आहे. घरात आम्ही तिला 'पलीकडची' म्हणतो. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेले नाही. तिच्या गोदामात येणारी प्रत्येक पेटी उघडून, तळापर्यंत उलटीपालटी करून बघतात. माझा शिक्का दिसला की मात्र पेटी न उघडता थेट दुकानात जायची. याची मला घमेंड होती. बँकेत, लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या खुर्चीत बसून मी ती लोकांना ऐकवली आहे.

यंदा गारांनी निम्मी बाग झोडपली. मुलगा म्हणाला, "बाबा, माल नाहीये. यंदा अर्धाच कंटेनर पाठवतो असं कळवून टाकू." मी म्हणालो, शब्द दिलाय, कंटेनर भरूनच जाईल. त्याने विचारले, कशाने भरू? तो तुझा प्रश्न, असे म्हणून मी जेवायला गेलो.

त्याने भरला. वरचा थर नजर लागावी असा आणि खालचे थर गारा लागलेल्या, सुकलेल्या फळांचे. तिकडे कोणी पेट्या उघडल्या नाहीत, कारण शिक्का माझा होता. गिऱ्हाइकांनी घरी जाऊन उघडल्या. मग तिचा फोन आला. आमच्या दोघांच्या मोडक्यातोडक्या भाषेत तिने आधी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मग म्हणाली, "आता तुमच्याही पेट्या उघडून बघाव्या लागतील." ती चिडली असती तर मी भांडलो तरी असतो.

मी तडक शेडवर गेलो आणि सगळ्या माणसांसमोर पोटच्या मुलाला चोर म्हणालो. तो आवाज न चढवता म्हणाला, "तुम्ही शब्द राखायला सांगितलंत, तो राखला. नाव राखायला सांगितलं असतंत, तर ते राखलं असतं." मुकादमबाईंनीही मान वर केली नाही. मला लाज वाटली आणि अजून वाटते. त्यानंतर पलीकडचीचा फोन वाजला की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडतो आणि बायकोला 'झोपलेत' म्हणून सांगायला लावतो.

५. माझ्या पश्चात पहिला कंटेनर शिक्क्याविना जावा. मुलाने स्वतः तिकडे जावे आणि तिच्यासमोर पेट्या आपल्या हाताने तळापर्यंत उघडून दाखवाव्यात. ती हो म्हणाली तर शिक्का त्याचा. नाही म्हणाली तर तो मोडून टाकावा. तिच्यापुढे कोणी रडगाणे गाऊ नये, माझ्या आजाराचे तर मुळीच नाही.

६. (खोडले.) त्या पेट्या कोणी भरल्या असे तिने विचारल्यास मुलगा खाली मान घालून 'मी' म्हणेल. त्याने तसे म्हणू नये. त्या माझ्या हुकमाने भरल्या गेल्या. बाकी सर्व मिळकत मी वाटून दिली आहे. हा दोष कोणालाही दिलेला नाही, तो माझ्याच नावावर राहावा.

कलम सहा खोडण्याचे कारण असे. ते वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला आणि विचारले, "हे सांगायला मरायची वाट कशाला बघताय?" साक्षीदार चहा घेत होते, तेवढ्यात मी पलीकडचीला फोन लावला आणि कलम सहा तिला जमेल तसे सांगितले. ती म्हणाली, "मुलाला पाठवा. मरेपर्यंत थांबू नका." मुलगा दारातच उभा होता, त्यानेही ऐकले. त्याच्याकडे मला अजून वर मान करून बघता येत नाही. पण उद्या बागेत पेट्या भरायला त्याच्या हाताखाली येऊ का, एवढे मी त्याला विचारले आहे.

खाडाखोडीवर सर्वांच्या लहान सह्या घेतल्या आहेत. हा मजकूर मी वाचून, समजून सही करतो.

ठिकाण: राहते घर, जेवणाची खोली
दिनांक: नऊ मार्च

लिहून ठेवणार: (सही) संत्र्यांचा निर्यातदार

साक्षीदार:
१. (सही) खोकी पुरवणारे शेजारी
२. (सही) घरचे डॉक्टर. पेट्या उचलू नयेत असे बजावले आहे