शितोची बरणी आणि आकाशातला कचरा

तीर्थरूप डोत्सेमामांस,

भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (दोन्ही का, ते पुढे येईलच). गुडघा कसा आहे? केटा गावचा खारा वारा आणि मामींचं बोलणं, दोन्ही सोसवतंय ना?

इथे माझ्यावर घोर अन्याय चालला आहे. आज आठवा दिवस, मी मक्याच्या पिठाची केंकी कोरडीच गिळतो आहे. आमच्या अवकाश संस्थेच्या फ्रिजमध्ये शितोची बरणी एकच, आणि ती डॉक्टर लामिले क्वार्टे यांची. त्या काळ्या तिखट चटणीवर तीन वर्षं मीही जगलो (न विचारता, हे कबूल). आता बाईंनी बरणी कपाटात घालून कुलूप लावलं आहे.

कारण ऐका. मी दूरच्या ताऱ्यांचे रेडिओ संकेत टिपतो. सूर्य बुडाला की दोनेक तास ते नुसते लुकलुकतात. आम्ही त्याला कचरा म्हणतो आणि पुसून टाकतो. बाई अभ्यास करतात वरच्या हवेचा, आणि ही लुकलुक होते त्या हवेमुळेच. म्हणजे माझा कचरा तो त्यांचा खजिना! आमच्या खोल्यांमध्ये पंधरा वर्षं एकच भिंत, आणि हे आम्हाला कळलं कुठे, तर फ्रिजसमोर. मग संचालकांचं परिपत्रक निघालं : सर्व शाखांनी एकत्र यावे. शाखा आल्या, फोटो निघाला, शाखा गेल्या.

मी मात्र पुसणं थांबवलं, आणि चौदा महिन्यांच्या नोंदी डिस्कवर भरून बाईंना दिल्या. जेवणाच्या सुट्टीत. उजवा हात भेंडीच्या रश्श्यात मनगटापर्यंत बुडालेला, म्हणून दिल्या डाव्या हाताने. सगळ्या कॅन्टीनदेखत.

"डावा हात? मला?" बाई कडाडल्या. "अहो सेनानू, भिकाऱ्यालासुद्धा कुणी असं देत नाही!"

"घाईत होतो हो, डॉक्टर."

"बोटं चाटायला बरी सवड होती!"

डिस्क टेबलावरच राहिली. आता संचालक म्हणतात, एकत्र कामाच्या कागदावर दोघांची सही नसेल तर सोमवारी सगळ्या नोंदी पुसा, जागा हवी आहे. मी तोंडावर सांगितलं, नोंदींना हात लावून दाखवा, डावा किंवा उजवा! रोज यंत्रासमोर खुर्ची टाकून बसतो आहे. पण बाईंची माफी? मुळीच नाही. विश्वाचा पसारा मोजायला निघालेली माणसं हात कुठला ते बघत बसणार? मी वाकणार नाही, हे लिहून ठेवा.

आपला ताठ मानेचा भाचा,
सेनानू

ता.क. : शनिवारी याल का? चुकणाऱ्याने स्वतः तोंड उघडायचं नसतं, वडीलधाऱ्याने बाटली घेऊन माफी मागायला जायचं असतं, हे तुम्हीच शिकवलंत. श्नॅप्स दारूची बाटली आणून ठेवली आहे. तुम्ही बोला, मी मागे मान खाली घालून उभा राहीन (फक्त बाईंसमोर, संचालकांसमोर नाही). गुडघ्यासाठी गाडी पाठवतो.

ता.क. २ : आज सगळ्यांच्या आधी येऊन फ्रिजमध्ये शितोची नवी, काठोकाठ भरलेली बरणी ठेवली. बघायला कुणी नव्हतं. तरी उजव्या हातानेच ठेवली.