बांगडीतली पिन

आई, तुला जाऊन आता खूप वर्षं झाली, म्हणून बोलते. तू असताना बोलू दिलं नसतंस.

तारापूरच्या औषधांच्या कारखान्यात, तुझ्याच पॅकिंग खात्यात, तू मला कामाला लावलंस. त्या सकाळी सालवडच्या आपल्या खोलीत स्टोव्हवर चहा उकळत होता. तू स्वतःच्या बांगडीतली मोठी सेफ्टी पिन काढून माझ्या बांगडीत अडकवलीस. "आसूंदे. कामाला येते." मला वाटलं, पदर सुटला, चपलेचा अंगठा तुटला तर असावी. पॅकिंगच्या सगळ्याच बायकांच्या बांगडीत तशी पिन होती. मी आपली खूश, की आता आपण यांच्यातल्या झालो.

पिन कशासाठी ते सुपरवायझरनं शिकवलं. खोके आणायला त्यानं मला गोदामात पाठवलं आणि मागून स्वतः आला. त्यानं काय केलं ते तुला लिहायला नको. मी त्याला ढकलून पळाले, पिन आठवलीसुद्धा नाही. घरी येऊन मी रडत सांगते आहे, तू सुकट निवडते आहेस, आणि मान वर न करता विचारतेस, "पिन व्हती ना हाताला?" माझं रडणं तिथंच थांबलं. म्हणजे तुला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं! एकीच्या हातातून दुसरीच्या हातात पिन देत आलात, तोंडानं मात्र अळीमिळी गुपचिळी. गोदामात एकटी जाऊ नको, तो माणूस असा आहे, एवढं एकीनं सांगितलं असतं तर मी गेले असते का? आई, मला त्याच्यापेक्षा तुझा राग जास्त आला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन बोलले. बायका डब्यात बघत राहिल्या. साहेबांनी तुला बोलावून विचारलं, तर तू म्हणालीस, "पोर अल्लड हाय, साहेब. तिच्या बोलन्यावर जाऊ नका." माझं काम गेलं. तो राहिला, आणि तूही राहिलीस, त्याच्याच हाताखाली. घरी मला म्हणालीस, "दोघींचं काम गेलं आसतं तर खाल्लं काय आसतं? आन् बोभाटा झाल्यावर तुला करून घेतली आसती कोनी?" चूल पेटत राहिली, खरं आहे. तुझ्या हातचा भात मला पुन्हा कधी गोड लागला नाही.

परवा तुझी नात बोईसरला कामाला लागली. आदल्या संध्याकाळी तिला समोर बसवून मी सगळं सांगितलं, गोदाम, त्याचं नाव, तू साहेबांना काय म्हणालीस तेही. तिचे वडील उठून बाहेर निघाले होते, त्यांनाही बसवलं. म्हटलं, असं काही झालं तर तिथंच ओरड, मग मी येते तुझ्याबरोबर साहेबाकडे. "आजी खरंच असं बोलली?" तिनं विचारलं. हो म्हटलं. तुला पाठीशी घातलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

हा कागद मी चुलीतच घालणार आहे. पण एक सांगते. कामाच्या पहिल्या सकाळी ती चपला घालत होती, तेव्हा मी तिला थांबवलं आणि माझ्या बांगडीतली पिन काढली. ती बांगड्या घालत नाही, म्हणून ओढणीला आतून लावून दिली.