जिशो म्हणजे पाणी, जिशो म्हणजे नको

९ नोव्हेंबर
आज पुन्हा तेच! सुपाची वाटी पुढे ठेवली — "जिशो." गोळी दिली — "जिशो." खिडकी लावू का विचारलं तर "जिशो, जिशो!" म्हणजे नको. हात झटकला म्हणून कळलं.

एप्रिलमध्ये ह्यांच्या मेंदूत गुठळी अडकली. उजवं अंग गेलं आणि सगळे शब्द गेले. एवढा एक राहिला. जिशो, म्हणजे शब्दकोश! माणसाला पाणी म्हणता येत नाही, दुखतंय म्हणता येत नाही, आणि शब्दकोश तेवढा म्हणता येतो.

नात तेव्हा नुकतीच तिसरीत गेली होती. शाळेतून सांगून आलं, प्रत्येकाने आपापला जिशो आणायचा. हे म्हणाले, कोयुकीचा जिशो मी घेणार, कुणी मध्ये पडायचं नाही. पुस्तकाच्या दुकानात गेले, "लहान मुलीला चालेल असा जिशो—" एवढं म्हणाले आणि तिथेच कोसळले. दुकानदार अजून भेटला की मान खाली घालतो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष!

१० नोव्हेंबर
साल्मन माशांना मीठ चोळून वळचणीला टांगले. पहिल्यांदाच एकटीने. दोऱ्या नीट बसल्या नाहीत. हे काचेतून बघत होते. "जिशो!" ओरडले. डावीकडचा मासा खरंच सुटत आला होता.

१४ नोव्हेंबर
बोलणं शिकवायला इगाराशीबाई येतात दर आठवड्याला. तरुण आहेत, पण धीराच्या. आज ह्यांच्यासमोर मला विचारतात, "मोरिओसान तुम्हाला घरात काय म्हणून हाक मारायचे? ओळखीच्या हाकेपासून सुरुवात करू या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय सांगू? 'ओइ' म्हणायचे. नुसतं 'ओइ'! गाय हाकावी तसं. फुसाए हे नाव लग्नाच्या कागदावर लिहिलं, त्यानंतर ह्यांच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही.

"ओइ," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत. "छान," म्हणाल्या, "छोटा आहे, सोपा आहे." मग दोघी ह्यांच्यापुढे बसून ओइ, ओइ करत राहिलो. हे आमच्या तोंडाकडे बघत होते. ह्या दोघींना वेड लागलंय, असं.

जन्मभर त्या 'ओइ'चा राग केला. बोटीवरून घरी आले की दारातूनच— ओइ! आंघोळीतून— ओइ! मुद्दाम ओ द्यायची नाही मी. आता कान तिकडेच लागलेले असतात.

१५ नोव्हेंबर
शेजारच्या सेत्सुवहिनी मुळे घेऊन आल्या. म्हणाल्या, "अगं फुसाए, आधी तरी कुठे जास्त बोलायचे ते? दोन-तीन शब्द कमी झाले असतील, एवढंच!" इतकी हसले, इतकी हसले. त्या गेल्यावर मुळे चिरता चिरता रडले.

२३ नोव्हेंबर
सुट्टी म्हणून लेक चिनात्सू आणि कोयुकी निइगाताहून आल्या. कोयुकीने आपला जिशो आणला होता. जो शब्द पाहिला त्या पानाला रंगीत चिठ्ठी चिकटवायची असते त्यांना शाळेत— पुस्तक फुगून कोंबड्यासारखं झालंय! आजोबांच्या मांडीला टेकून बसली.

"आजोबा, कुठला शब्द ओढू?" आमच्याकडे जिशो बघत नाहीत, ओढतात.

"जिशो."

"जिशोमध्ये जिशो ओढू?" शोधून काढला तिने. मोठ्याने वाचला— "'शब्द क्रमाने लावून त्यांचे अर्थ सांगणारं पुस्तक.' झालं? आता दुसरा सांगा."

"जिशो."

"ओढला की आत्ताच! फसवता काय हो?"

हे हसले. तोंड एका बाजूला गेलं, पण हसले! किती महिन्यांनी.

मी स्वयंपाकघरात डोळे पुसत होते, तेवढ्यात चिनात्सू मागे येऊन उभी. "आई, तू वाळलीस. आमच्या घराजवळ एक चांगली संस्था आहे. बाबांना तिथे ठेवू. तूही आमच्याकडे राहा."

"तिथे कळणार कुणाला, कुठला जिशो कशाचा?"

"आणि तुला कळतो?"

"मला कळतो. तहान लागली की 'जि' लांबवतात. राग आला की 'शो' आपटतात."



२४ नोव्हेंबर
'जि' लांबवला म्हणून पाणी दिलं. पांघरूण हवं होतं.

६ डिसेंबर
काय लिहू!

आंघोळ घालत होते. पाठ चोळता चोळता मी काहीतरी गुणगुणत होते. आणि हे गायला लागले! ह्यांच्या गावच्या शाळेचं गाणं. नदी, डोंगर, पाइनची झाडं, सगळे शब्द जागच्या जागी, एकही चुकला नाही. तोच घोगरा आवाज, तोच सूर सोडून गाणं! मी साबण तसाच हातात धरून बसले. कडवं संपलं.

"आणखी म्हणा ना," मी म्हटलं.

"जिशो," म्हणाले. हळूच. जणू माफी मागत होते.

९ डिसेंबर
इगाराशीबाई म्हणतात, असं होतं, गाणं मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतं. मग 'ओइ' चालीत बसवून पाहू का, मी विचारलं. हो म्हणाल्या.

दिवसभर त्या शाळेच्या गाण्याच्या चालीवर ओइ गात हिंडतेय. सेत्सुवहिनींनी कुंपणावरून विचारलं, "कोण हरवलंय?"

१९ डिसेंबर
वाईट दिवस. काहीतरी सांगत होते. पाणी नाही, पांघरूण नाही, खिडकी नाही, पोट नाही. मी एकेक विचारत गेले, ते मान हलवत गेले. शेवटी वाटी भिरकावली. मी ओरडले — "बोला ना मग! बोला काहीतरी!"

तोंड उघडलं. मिटलं. जिशोसुद्धा म्हणाले नाहीत.

काय सांगायचं होतं, ते आता कधीच कळणार नाही.

८ जानेवारी
बर्फ थांबेना. चिनात्सूचा फोन. संस्थेत खोली रिकामी झालीय, महिनाअखेर कळवायचं. "आई, ह्या वेळी नाही म्हणू नकोस गं."

ह्यांच्याजवळ बसले. सगळं नीट समजावून सांगितलं. "जायचं का तुम्हाला?"

"जिशो."

हो की नको? सूर ओळखू आला नाही. की मलाच ओळखायचा नव्हता, कोण जाणे.

२१ जानेवारी
चिनात्सूला कळवलं, नाही. रडली. "कशासाठी गं आई? एका हाकेसाठी?"

हो. एका हाकेसाठी. फोनवर तसं म्हटलं नाही. म्हटलं, रस्ते मोकळे झाले की कोयुकीला घेऊन ये.

२ फेब्रुवारी
शब्द आला. नवा!

दुपारी पायाशी बसून मोजे चढवत होते. डोक्यावर ह्यांचा डावा हात आला. वर पाहिलं. माझ्याकडेच बघत होते, आनंदाने, फार दिवसांनी कुणी भेटावं तसे.

"आई," म्हणाले. स्पष्ट.

ह्यांची आई हे शाळेत जायच्या आधीच गेली. घरात तिचा फोटोसुद्धा नाही.

"आई?" पुन्हा म्हणाले. आणि थांबले. ओ ऐकायला.

"काय रे बाळा," मी म्हटलं.