नकातोचा ठिपका

गुरुवार, ६ मार्च

ठिपका पिवळ्यात गेला!

नकातोचा. बाबिर्येचा हिरव्यात, ऐटीत वर चाललाय. एकाच दिवशी जन्मलेल्या माझ्या ह्या जुळ्या नाती — आणि दोघींच्या वजनाच्या कार्डांवर दोन रस्ते! माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षरांना वेळ लागतो, पण ठिपके मला झटकन कळतात. हिरवा पट्टा बरा. पिवळा म्हणजे जपा. लाल — लालचं लिहीत नाही.

दवाखान्यात आंब्याच्या फांदीला वजनाचा काटा टांगतात, पोर झोळीत बसवतात. बाबिर्ये खिदळते. नकातो नुसती माझ्याकडे बघते. पाय कसे काडीसारखे लटकतात तिचे.

नर्सबाई नान्सुबुगाही मला सगळ्यांसारखं जज्जा, म्हणजे आजी, म्हणतात. म्हणाल्या, "जज्जा, रेष नुसती आडवी गेली तरी काळजीच. लालमध्ये गेली तर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल. बहिणीला वॉर्डात घेत नाहीत."

एकटीला! जुळ्यातल्या एकीला!

शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं दिली आठवड्याची. "हे औषध आहे. फक्त नकातोला."

शुक्रवार, ७ मार्च

लगदा मीही बोटभर चाखला. काय गोड! तेवढ्यात बाबिर्येने हात पुढे केला. आता? जुळ्यांना एकीला दिलं की दुसरीला द्यायचंच. एक फ्रॉक शिवला तर दोन शिवायचे. लहानपणी आमच्या शेजारी जुळी मुलं होती, एकाला धपाटा बसला की दुसऱ्यालाही हलकीशी चापट! मजा वाटायची. पण खरंच, जिला मिळत नाही ती रुसते, आणि जुळ्याचा राग वाईट. शेजारची नाकिमेरा कुंपणावरून ओरडलीच — "एकीला नुसतं बघत बसवलंस तर उठून चालती होईल हं ती, जिथून आली तिथे!" तोंड आहे की भोंगा!

अर्धं अर्धं केलं.

रविवार, ९ मार्च

कंपालाहून लेकीचा फोन. "आई, पोरी कशा आहेत?" म्हटलं, "गोल गोल!" खोटं कुठे? एक आहे गोल.

गुरुवार, १३ मार्च

नंबर यायला वेळ होता म्हणून भिंतीवरचे कागद बघत बसले. एकावर उभ्या काठ्या — महिन्या-महिन्याचा हिवताप. "ही एवढी उंच का हो?" "पावसाचा महिना, जज्जा." एक गोल, कापलेल्या फणसासारखा, कुठल्या आजाराचे किती ते दाखवणारा. आणि नकाशा! दलदलीच्या कडेकडेने लाल टिकल्या, त्यात आमचं गाव. मी हौसेने सगळ्यांना दाखवत सुटले — हे बघा आपलं गाव! मग नकातोचं नाव पुकारलं.

रेष आडवी. खाली लाल पट्टा, बोटभरही अंतर नाही.

"पाकिटं कोण खातंय?"

"नकातो."

"आणखी कोण?"

"...बाबिर्ये."

रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवलं. "माझी आई जुळ्यातली. मला सांगू नका, सगळं ठाऊक आहे. पण जज्जा, अर्धं औषध म्हणजे अर्धी नकातो. पुढच्या गुरुवारी रेष खाली आली तर मी गाडी बोलावणार."

वाटेत नवी पाकिटं दोनदा मोजली.

शनिवार, १५ मार्च

युक्ती! रिकामं पाकीट धुतलं, त्यात नाचणीची पेज भरली, वर शेंगदाण्याचा कूट. आता दोघींच्या हातात एकेक पाकीट. खरं नकातोला, पेजेचं बाबिर्येला. बाबिर्येने एकदा चोखलं आणि माझ्याकडे बघितलं. ओळखलं की काय? जुळ्यांना फसवू नये. दोघींची नावं घेऊन मनातल्या मनात माफी मागितली.

मंगळवार, १८ मार्च

बाबिर्येला ताप. मीच केलं हे! नाकिमेरा आली, म्हणाली, "सांगितलं नव्हतं?" कपाळावर ओलं फडकं ठेवत बसले. देवा, पाकिटाचा राग माझ्यावर काढ, तिच्या अंगावर नको.

मंगळवारच, संध्याकाळी

दाढ! दाढ येतेय! हिरडी टम्म सुजलीय, बोट घातलं तर करकचून चावली. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

गुरुवार, २० मार्च

चढला! नकातोचा ठिपका चढला! नखाएवढाच, पण वर! नर्सबाईंनी पेन माझ्या हातात दिलं — "ओढा तुम्हीच." रेष वाकडी आली. "वाकडी चालेल, वर जातेय ना," म्हणाल्या. गाडी नको, शहर नको. आंब्याखाली मी अशी आरोळी ठोकली की झोळीतलं दुसऱ्याचं पोर रडायला लागलं.

मग बाबिर्येचं कार्ड. तिची रेष आडवी.

"दाढ येतेय, जेवण कमी झालं असेल," नर्सबाई म्हणाल्या. मी मान हलवली. दाढ कसली! रुसली. कळलंय तिला पाकिटाचं.

शुक्रवार, २१ मार्च

आज पाकिटं देऊन मुद्दाम दाराआड उभी राहिले. मी दिसेनाशी झाल्याबरोबर बाबिर्येने आपलं पेजेचं पाकीट नकातोच्या तोंडात पिळलं. शेवटपर्यंत. मग रिकामं स्वतः चाटलं आणि हसली. आणि मी इतके दिवस हिच्याच रागाला भीत होते!