‘ताई, जरा बाहेर बसा’

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिलं आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसले. खोडणार होते. मग म्हटलं राहू दे, सवयीचा शब्द आहे.

हॉस्पिटल मी ठरवलं. जुनंच. ज्याला तू भर पार्किंगमध्ये ‘कसाईखाना’ म्हणालास, तेच. वहिनीनं तुला सांगितलं असेल आणि तू आठ्या घालून दुसऱ्या खोलीत निघून गेला असशील. हे पत्र संपेपर्यंत तरी उठू नकोस.

तुला वाटतंय, तू एवढ्या ओळखी काढल्यास, रजा टाकल्यास, आणि मी सगळं लाथाडलं. तुझी धावपळ मी पाहिली आहे रे. केमोनं आजार आटोक्यात आला, पण तो उलटू नये म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी रक्तातल्या मूळपेशी माझ्या अंगात घालायला हव्यात, हे कळलं तेव्हा तपासणीला पहिला हात तूच पुढे केलास. रिपोर्ट पूर्ण जुळला, तेव्हा दारातूनच ओरडलास, “जन्मभर भांडलो, पण आतून एकाच ताग्यातलं कापड निघालो!” मी हसून हसून खोकले होते. त्या दिवसातलं मी काहीही परत घेत नाही.

पण नंतर काय केलंस? त्या नव्या हॉस्पिटलात आपण गेलो. काचेचे दरवाजे, गुळगुळीत फरशी, आणि ती गोड बोलणारी मुलगी. तिनं मला टीव्ही केवढा आहे ते दाखवलं, सोबतच्या माणसाचा सोफा उघडून त्याचा पलंग करून दाखवला. मी विचारलं, “माझ्यासारखे पेशंट इथे वर्षाला किती येतात?” ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे सगळं जागतिक दर्जाचं आहे.” अरे, मी लोकांना गाडी शिकवते. नवा शिकाऊ आला की मी विचारते, याआधी कधी चालवली आहेस का? त्यावर कुणी सीटकव्हर दाखवलं तर मी त्याला खाली उतरवेन.

मग डॉक्टर. आजार माझा, फाइल माझी, आणि तो माणूस सगळा वेळ तुझ्याकडे बघून बोलत होता. थोड्या वेळानं म्हणाला, “ताई, जरा बाहेर बसा.” आणि तू, दादा, तू मान हलवलीस. मी बाहेर बसले. काचेतून दिसत होतं सगळं. तू पुढे वाकून विचारत होतास, तो बोटांवर काहीतरी मोजून सांगत होता, एकदा तू चष्मा काढून डोळे पुसलेस. बाहेर आलास तो तोंडभर हसत. “सगळं मस्त आहे. टेन्शन घ्यायचं नाही.” माझ्या मरणाबद्दल आत बैठक झाली आणि मला खुर्ची मिळाली ती दाराबाहेर!

वहिनीवर चिडू नकोस. मीच तिला खोदखोदून विचारलं आणि तिला खोटं बोलता येत नाही. माझ्या प्रकारचे ट्रान्सप्लांट त्यांनी जेमतेम चार-पाच केलेत, हे तुला त्या खोलीत कळलं होतं. आणि तू डॉक्टरांना सांगितलंस, “तिला आकडे सांगू नका, ती खचेल.” मी खचेन? नवरा वर्षभर परगावी असताना एकटीनं घर आणि गाडी शिकवण्याचा धंदा चालवला, तेव्हा खचले नाही. पण तुझ्या लेखी मी अजून फ्रॉकमध्येच आहे.

म्हणून मी तुला न सांगता जुन्या हॉस्पिटलात गेले. भिंतींचा रंग उडालाय, लिफ्ट कुरकुरते, कबूल. पण तिथल्या सिस्टरनं मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि तुझ्या मेहुण्यांना शिंक आली म्हणून सरळ जिन्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी खुर्ची माझ्या समोर ओढली. म्हणाल्या, “भाऊ पूर्ण जुळतोय, ही मोठी गोष्ट आहे. तरी तुमच्यासारख्या दहांपैकी सहा-सात जण पुढची काही वर्षं बघतात. बाकीच्यांचा आजार उलटतो, किंवा उपचारच सोसत नाहीत.” किती केले विचारलं, तर म्हणाल्या, दर महिन्याला दोन-तीन तरी असतातच. अवेळी ताप चढला तर कुणाला फोन करायचा, हॉस्पिटलपासून घर किती लांब असलेलं चालेल, सगळं सांगितलं. गाडीत येऊन मी ढसाढसा रडले. मग भूक लागली. तुझ्या ‘टेन्शन घ्यायचं नाही’नंतर मला कित्येक दिवस धड घास गिळता आला नव्हता.

हे सगळं तुला पार्किंगमध्ये सांगायला गेले, तर तू पूर्ण ऐकूनही घेतलं नाहीस. “तिथेच मरायचं असेल तर माझ्या पेशी धरून चालू नकोस.” शेजारच्या गाडीतला माणूससुद्धा वळून बघायला लागला.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. बाबा. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. त्या हॉस्पिटलानं बाबांना मारलं, हे तू इतकी वर्षं सांगत आलास आणि मी गप्प बसले. आज बसणार नाही. बाबांना आजारानं मारलं. तिथला तो तरुण डॉक्टर तुला हात जोडून सांगत होता, “ते स्वतः विचारताहेत, त्यांना सांगू द्या.” तू त्याला बाजूला घेऊन गप्प केलंस. बाबांना सांगितलं नाहीस, आईला अर्धंच सांगितलंस, आणि मला तर काहीच नाही. मी कॉलेजातून रंगांचं कार्ड घेऊन आले, कारण बाबांना घरी गेल्यावर गॅलरीचे गज रंगवायचे होते. आम्ही दोघांनी तासभर हिरवा निवडला. त्याच आठवड्यात ते गेले. मला त्यांच्याशी काय काय बोलायचं होतं, दादा! आणि मी हिरव्या रंगावर बोलत बसले. तू तेव्हाही चांगल्या मनानंच केलंस. तुझ्या चांगल्या मनाची मला आता भीती वाटते.

आता मुद्द्याचं. सोमवारी मी अ‍ॅडमिट होतेय. मग जे औषध देतील, त्यानं माझ्या हाडांतली रक्त बनवणारी मज्जा पार जळून जाईल. तिथून परतीची वाट नाही. म्हणून त्याआधी डॉक्टरबाईंना पेशी देणारा माणूस पक्का हवा आहे. लेक तयार आहे. ती अर्धीच जुळते, आणि त्यानं काय फरक पडतो, तेही त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मला तुझ्या पेशी हव्यात. राग गेलेला नाही, आणि पेशी दिल्यास म्हणून जाणारही नाही. तो मी बरी झाल्यावर सावकाश काढेन, भरपूर वेळ घेऊन. काल मी तिथे जाऊन बघून आले. मागच्या गल्लीतून एक दार आहे, रक्त घेण्याची खोली तळमजल्यावरच आहे, जिना चढावा लागत नाही, तो दुसरा मजला कुठूनही दिसत नाही. मी स्वतः चालून पाहिलं. ये. आणि यायचं नसेल तर नाही म्हण, पण ते मला सांग, माझ्या तोंडावर. मला बाहेर बसवू नकोस.

तुझीच,
धाकटी